डावीकडचं टोक

शुद्धलेखनाचा तास सुरू झाला की ठमीचं डावं कोपर शेजारच्या हेतलला लागायचं. हेतल ओरडायची, ठमीचं पेन घसरायचं, आणि ते सावरेपर्यंत मी पुढच्या शब्दावर गेलेली असायचे. दहापैकी दोन, फार तर तीन. रोज पानभर गिरवून घेतलं तरी काही फरक नाही. शेवटी वैतागून मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं.

भिकाभाऊ भाताची कापणी अर्धवट टाकून आले. विळा दाराबाहेर ठेवला, पण पाय काही एका जागी ठरेना.

"घरी हिला उजव्या हाताची सवय लावा," मी सुनावलं. "डाव्या हातानं हिला काही जमायचं नाही."

ते तिघींच्या बाकावर मधोमध अंग चोरून लिहिणाऱ्या ठमीकडे बघत राहिले. मग सरळ बाकापाशी गेले, तिला उठवलं आणि डावीकडच्या टोकाला बसवलं.

"मीबी डावराच हाय, बाई. कापणीला रांगेत मला मधी नाय घेत कोनी. टोकालाच उभा करतात."

"मग हे आधी सांगायचं ना!"

"आमाला तरी कुठं ठावूक होतं? माझ्या विळ्यानं शेजारी कापणाऱ्या भावाचं बोट गेलं, तवा कळलं." भिकाभाऊ दाराबाहेर जाऊन विळा उचलायला वाकले. "भावानंच मला टोकाला नेऊन उभा केला. हात बदल, असं तोबी नाय बोलला."