गंजलेला कॉक

शिवलीलानं गच्चीवर जाऊन टाकी बंद केली, पदर खोचला आणि नवा कॉक, पाना, टेप घेऊन ती संडासात उकिडवी बसली.

फ्लशचा जुना कॉक गळत होता. रात्रीतून निम्मी टाकी रिकामी झाली होती आणि नळाला पाणी यायला अजून दोन-तीन दिवस होते. प्लंबर ‘येतो, येतो’ म्हणून आलाच नव्हता. शेवटी तिनं हार्डवेअरवाल्यालाच सगळं विचारून घेतलं. जुना कॉक डावीकडं फिरवून काढायचा, नव्याच्या आट्यांवर टेप गुंडाळायची, बसवायचा. दुकानात उभं राहून ऐकताना सोपं वाटलं होतं.

कॉक हलेना. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला तसा पाना घसरला आणि बोटांची सालटी निघाली. रक्त पदराला पुसून तिनं आट्यांवर खोबरेल सोडलं.

कॉक एका बाजूला वाकला होता. उन्हाळ्यात तिचा नवरा नंदीश छातीत कळ येऊन इथंच कोसळला, तेव्हा त्यानं तो धरला असावा. ती त्या वेळी गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर होती. घरात फक्त सासू होती, सुंदरम्मा. आपल्याला काहीच ऐकू आलं नाही, असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. दार फोडलं तोवर सगळं संपलं होतं.

शिवलीलानं भिंतीला पाय लावून पाना हिसडला. कॉक तसाच. भिंतीवरचा लोखंडी पाइप मात्र वरपासून खालपर्यंत खडखडला. तिनं पुन्हा हिसडा दिला. पुन्हा.

“बास कर गं!”

सुंदरम्मा दारात आली. हात ज्वारीच्या पिठानं भरलेले.

“काय झालं अत्ती?”

“असंच वाजत हुतं त्या दिवशी.”

शिवलीलाचा हात थांबला.

“नळाला पाणी यायच्या आधी वाजतंय की, तसंच वाटलं मला. पाणी आलं म्हणून घागरी मांडत बसले. लई वेळ वाजत हुतं. मग थांबलं.” सुंदरम्मानं खाली बघितलं. “पाणी काय आलं न्हाई.”

शिवलीलानं तिच्या पिठाच्या हातांकडं बघितलं. इतके दिवस ती याच हातांच्या भाकरी खात होती.

“तुमी शेजारी जावा, पूनमकडं. हे अजून वाजणार हाय.”

सुंदरम्मा गेली नाही. भिंतीला धरत धरत ती ओल्या फरशीवर खाली बसली आणि पिठाच्या दोन्ही हातांनी तिनं पाइप आवळला.

“हं. ओढ आता.”

शिवलीलानं सगळा जीव एकवटून पाना ओढला. कॉक कुरकुरला आणि सुटला. पाइप वाजला नाही.

नवा कॉक बसवायला तिला बराच वेळ लागला. टेप दोनदा उलटी गुंडाळली गेली. मग ती गच्चीवर गेली, टाकी सुरू केली आणि खाली आली. फ्लशच्या टाकीत पाणी चढत होतं. कुठं एक थेंब गळत नव्हता.

“झालं अत्ती,” ती म्हणाली. “सोडा आता.”

सुंदरम्मानं पाइप सोडला नाही.