उन्हाच्या आत

“या घरात पंख्याखाली जागा हवी तर कुत्र्याच्याच जन्माला यायला हवं,” मुलगा पुटपुटला. भर दुपारी बायकोचा फोन येताच तो काम टाकून आला होता. सदरा पाठीला चिकटला होता.

बायकोनं तिकडे लक्ष दिलं नाही. न्हाणीघराच्या फरशीवर बसून ती साहेबाच्या पोटावर, पंजांवर पाणी ओतत होती. दारातला टेबलफॅन त्याच्याकडे वळवलेला. एरवी साहेब नावाप्रमाणे वागायचा, बोलावल्याशिवाय ऊठबस नाही. आता जीभ बाहेर टाकून पडला होता, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

“बर्फ आणू?”

“नको. साधंच पाणी. डॉक्टरांनी मागच्या खेपेलाही हेच सांगितलं होतं.”

मागची खेप म्हटल्यावर दोघांचीही नजर दाराकडे गेली. दाराशी स्टुलावर बाबा बसले होते. पायात फिरायचे बूट, हातात पट्टा. कुत्र्याला सकाळी उन्हाच्या आत फिरवून आणायचं, हा नियम त्यांचाच, आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. हल्ली दुपारी डोळा लागला, जाग आली, की बूट घालून निघायचं.

“यंदा ऊनच तसलं आहे,” मुलगा म्हणाला.

“केसही किती दाट त्याचे,” सून म्हणाली. मग तांब्याकडे बघतच म्हणाली, “उद्यापासून दुपारी दाराला कुलूप घालते. साहेब दार ढकलायला शिकलाय हल्ली.”

“हो, लबाड झालाय,” मुलगा घाईनं म्हणाला.

पाणी ओतून ओतून सुनेचा हात दुखायला लागला, तेव्हा कुठे साहेबाचा श्वास जरा खाली बसला. त्यानं मान उचलली. ताटलीतलं दोन घोट पाणी प्यायला. मग ओल्या अंगानं सरपटत दाराशी गेला आणि बाबांच्या बुटावर हनुवटी ठेवून पडला.

बाबांनी पाय हलवला नाही.

“हा उंबऱ्यावर बसून राहिला होता,” ते म्हणाले. “येतच नव्हता. मी ओढला.”

सुनेनं तांब्या खाली ठेवला. पंखा तेवढा फिरत होता.

“त्याला वेळ कळते गं. मलाच कळत नाही आता.” त्यांनी पट्टा सुनेपुढे धरला. “कुलूप माझ्यासाठी घाल, पोरी.”