कासवाशी हरलेले डाव

"इथे काय झालं तुला?" सरांनी विचारलं.

कॉम्प्युटरवर चष्मेवालीचा तीन मिनिटांचा डाव उघडा होता. तिच्याकडे एक हत्ती जास्त, राजा सुरक्षित, घड्याळात अर्धं मिनिट शिल्लक. समोरच्याकडे जेमतेम चार सेकंद. शेंबड्या पोरानेही जिंकला असता असा डाव. पण तिने पुढची चाल खेळलीच नव्हती. घड्याळ संपेपर्यंत नुसती बसून राहिली होती.

"नेट गेलं होतं?"

"नाही."

"मग?"

"हात थांबतो, सर."

सरांनी उसासा टाकला. उभा जन्म त्यांनी पोरांना बुद्धिबळ शिकवण्यात घालवला होता. स्वतः खेळणं हल्ली सोडलं होतं; कुणी विचारलंच तर "कंटाळा आला" म्हणून विषय संपवत. शिष्यही एकेक करून पांगले. उरली ही एकटी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि दुकान सुटलं की दमलेल्या पायांनी सरांकडे यायची. खेळ मात्र असा, की सरांनी इतक्या वर्षांत दुसरा पाहिला नव्हता.

उद्या संध्याकाळी ऑनलाइन रेटिंग बघून संघ निवडणार होते. एकच जागा उरली होती, आणि हिचं रेटिंग महिनोन् महिने काठावर येऊन घसरत होतं. का घसरतं ते बघायला सरांनी आज हट्टाने तिचे सगळे डाव उघडायला लावले होते.

"पुढचा दाखव. माउस तूच धर, मला वाकायचा कंटाळा आलाय."

पुढचाही तसाच. त्याच्या पुढच्यात तिने चांगला घोडा फुकट देऊन टाकला होता. बाकीच्यांशी खेळताना हीच पोरगी शेवटच्या सेकंदांत वाघिणीसारखी तुटून पडत होती. हरलेल्या डावांत समोरचं नाव मात्र एकच होतं: कासव.

काकू चहा घेऊन आल्या. चष्मेवालीला भरलेला कप, सरांना अर्धा.

"यांना अर्धाच," काकू म्हणाल्या. "साखर वाढलीय."

सरांनी कपाकडे बघितलंही नाही. "हा कासव तुझ्यापेक्षा कितीतरी खाली आहे. बाकीच्यांकडून कमवायचं आणि याच्या पदरात ओतायचं. कोण लागतो तो तुझा?"

"माहीत नाही. पाच वाजता दुकानात माझी चहाची सुट्टी असते. बरोबर तेव्हाच येतो. एक डाव खेळतो आणि जातो."

"आणि तू त्याला भीक घालतेस!"

स्वयंपाकघराकडे वळलेल्या काकू दारातच थांबल्या. सर शिष्यांवर आवाज चढवत नसत.

"भीक नाही, सर." चष्मेवाली खाली बघून म्हणाली. "म्हातारा असावा तो. मधूनच उंट भलत्याच घरात ठेवतो. पण त्या चुकीतूनही डाव असा सावरतो, की बघत राहावं. असं हल्ली कुणी खेळत नाही."

सरांनी पडद्यावरच्या पटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या खेळशील त्याच्याशी?"

"नाही कसं म्हणू? वाट बघत असतो."

"मग जिंक."

"नीट खेळले तर परत यायचा नाही तो."

"नाही आला तर नाही आला!" सर कडाडले. मग आवाज खाली आणून, थकल्यासारखे म्हणाले, "हे बघ. हरण्यात खेळणाऱ्याचा अपमान नसतो. जिंकवून देण्यात असतो. त्या बिचाऱ्याला वाटत असेल, अजून आपल्यात दम आहे. कशाला फसवतेस त्याला?"

चष्मेवालीने मान हलवली. डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

"आणि ऐक. बरी चाल दिसली की खेळ, आणखी बरी शोधत बसू नकोस. जिंकत आलेल्या डावाकडे कौतुकाने बघू नकोस. समोर कोण आहे तेही बघू नकोस. पट बघ, पट."

"हो, सर."

चहा निवून गेला होता. ती गेल्यावर सरांनी तो मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच सर कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. "आता चहा नको," काकूंना सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

डाव सुरू झाला. कासवाने नेहमीसारखी सावध सुरुवात केली. चष्मेवाली आज वाट बघत नव्हती. चालीमागून चाल, धडाधड. मध्यावर कासवाचा उंट ठरल्या घराच्या एक घर अलीकडेच पडला. एरवी तिने काणाडोळा केला असता. आज तिने तो बेलाशक मारला.

मग ती जागा आली. तिच्याकडे अर्धं मिनिट, कासवाकडे काही सेकंद. तिचं घड्याळ पळू लागलं. थांबली. सर मनातल्या मनात म्हणाले, खेळ, पोरी, खेळ.

ती खेळली. पुन्हा खेळली. तिसऱ्या चालीला मात.

"कोण जिंकलं हो?" बाहेरून काकूंनी विचारलं.

"आपली पोरगी."

सरांना फार बरं वाटलं. फार वाईटही वाटलं. माउसवरून घसरलेला, थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातात घट्ट धरला आणि मांडीवर आणून ठेवला. तेवढ्यात समोर कासवाला तिचा निरोप आला:

"उद्याही पाचला याल ना, सर?"