मिस्त्रींचा पहिला नंबर

बुधवारी दुपारपर्यंत सुंतेच्या शिबिराच्या खोलीकडे कुणी फिरकलंच नाही. डॉक्टर रिकाम्या टेबलाशेजारी बसून पेपरातलं कोडं सोडवत होते. शेवटी सिस्टर पुन्हा ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीत गेली.

गेल्या वर्षी याच ओळीतल्या तिघांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिनेच सांगितलं होतं. तो प्रसंग तिला पुन्हा नको होता. पण शनिवारपर्यंत दहा माणसं झाली नाहीत, तर शिबिराची गाडी दुसरीकडे जाणार होती.

"सुंता केली की पुरुषाला लागण व्हायचा धोका निम्म्याहून कमी होतो," ती म्हणाली. "निरोध मात्र वापरायचाच."

"आपल्यात नाही करत, सिस्टर," वेल्डर म्हणाला.

"आणि जो जाईल त्याला रोग आहे, असंच सगळे धरून चालणार," टायरवाल्याने री ओढली. "धडधाकट माणूस कशाला कापून घेईल? माझ्या मेव्हण्याची सोयरीक ठरतेय. उगाच नाव खराब."

सिस्टरने कपाळाला हात लावला. रोग होऊ नये म्हणून करायची गोष्ट, आणि ही मंडळी ती रोग्यांची समजून बसली होती. तीन दिवस ती पालथ्या घड्यावर पाणी ओतत होती.

ट्रकखालून मिस्त्री बाहेर आले. साठी उलटलेली. ओळीतले सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. चिंधीला हात पुसत ते म्हणाले, "उद्या माझा पहिला नंबर लाव, पोरी."



"काका, या वयात?" टायरवाला हसला. "काकू काय म्हणतील?"

"तिला विचारलंय. जा म्हणाली."

गुरुवारी मिस्त्री टेबलावरून उतरले तेव्हा सिस्टरने रिक्षा बोलावली होती.

"रिक्षातून गेलो तर बघणार कोण?" ते म्हणाले, आणि पाय फाकून, सावकाश, अख्खी ओळ चालत गेले.

मग थट्टेला ऊत आला. मिस्त्रींचं सर्व्हिसिंग झालं म्हणे. दुसऱ्या दिवशी लुंगी नेसून ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले. विचारेल त्याला सांगत राहिले, सुई टोचते तेवढंच, पुढचं काही कळत नाही.

दुपारी वेल्डर आला. "मिस्त्रींना रोग असणं शक्यच नाही," तो म्हणाला. "म्हणजे हे रोग्यांचं काम नव्हे. लिहा माझं नाव."

पाठोपाठ टायरवाला मेव्हण्याला घेऊन आला. शनिवारी संध्याकाळपर्यंत सव्वीस जण झाले. सिस्टर थक्क झाली. तिच्या पत्रकांना जे जमलं नाही, ते एका म्हाताऱ्याच्या चालण्याने केलं होतं. त्यांच्या पाया पडावं असं तिला मनापासून वाटलं.

पुढच्या गुरुवारी मिस्त्री तिच्या दवाखान्यात आले. तिने दार लावून घेतलं आणि जखम पाहिली.

"छान भरत आलीय," ती म्हणाली. "पण काका, तुम्हाला याचा काडीचा उपयोग नाही, हे मी आधीच सांगितलं होतं."

"माझ्यासाठी कुठे केलं?" मिस्त्री म्हणाले.

तिने कपाट उघडून त्यांच्या एचआयव्हीच्या गोळ्या काढल्या, गेली अकरा वर्षं दर महिन्याला काढत होती तशाच.