त्रिफोन घरी परतला

प्राचीन ग्रीकांच्या स्मिर्ना शहरात त्रिफोनच्या प्रेमकथा घरोघरी वाचल्या जायच्या. नवं जोडपं, मग वादळ, चाचे, ताटातूट, गुलामगिरी आणि शेवटी भेट, एवढ्यावर त्याचं छान चाललं होतं. एकदा तो नवी गोष्ट विकायला अलेक्झांड्रियाच्या जहाजात बसला, तो तीन वर्षं परतलाच नाही.

परतला, तेव्हा त्याची बायको निकारेते दार अडवून उभी राहिली. "कुठे होतात?"

"अगं, वादळात जहाज फुटलं. किनाऱ्यावरच्या लोकांनी मला मेलेला समजून थडग्यात ठेवलं. ते थडगं लुटायला चाचे आले, त्यांनी मला उचलून इजिप्तमध्ये विकलं..."

"आणि मालकिणीचा तुमच्यावर जीव जडला, पण तुम्ही माझ्याशी एकनिष्ठ राहिलात?"

"तुला कसं कळलं?"

"अहो, तुमच्या पाचही पुस्तकांच्या प्रती मीच हाताने उतरवल्यात!"

त्रिफोनने मनगटावरचे बेड्यांचे वण पुढे केले.

"चौथ्या पुस्तकात वणसुद्धा होते," म्हणत ती दार लावू लागली.

ज्या दारासाठी तीन वर्षं जीव धरून ठेवला, तेच तोंडावर बंद होताना पाहून त्रिफोनला रडू कोसळलं. शेवटी मान खाली घालून तो खोटंच पुटपुटला, "मिलेतसला एक विधवा होती. तिच्याकडे राहिलो."



"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" डोळे पुसत निकारेतेने त्याला आत घेतलं आणि मसुराची आमटी गरम करायला ठेवली.