मधली खुर्ची

“स्टेज नकोच,” अंजली म्हणाली.

“बरं, नको,” रणजितराव म्हणाले.

अंजली बघतच राहिली. भांडायची सगळी तयारी करून ती लॉनवर आली होती. गेला महिनाभर मंडळाच्या या मावळत्या अध्यक्षाने तिची एकही गोष्ट ऐकली नव्हती.

बारामती-इंदापूरच्या लहान उद्योजकांची परिषद उद्यावर आली होती. कन्हेरीत उसाची रोपवाटिका चालवणारी अंजली यंदा मंडळाची अध्यक्ष झाली होती. पहिलीच बाई, आणि बौद्ध वस्तीतलंही पहिलंच माणूस. परिषद लोकांच्या लक्षात राहावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. गेल्या वर्षी भाषणं ऐकता ऐकता निम्मा मांडव पेंगला होता आणि पाहुणे बोलत असतानाच माणसं जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.

म्हणून तिने सुचवलं, भिगवणच्या दगडाबाईंना बोलवू. धरणाचं पाणी आटलं त्या वर्षी त्यांनी मासळीचा धंदा कसा टिकवला, ते ऐकू. रणजितराव म्हणाले, “परिषद हाय का बाजार?” आणि पुण्याचा एक वक्ता परस्पर ठरवून मोकळे झाले. तिने म्हटलं, सत्कार तरी कमी करू. ते म्हणाले, “शाल-नारळ न्हाय मिळाला की माणसं रुसत्यात, मॅडम. तुमाला काय, पुढच्या वर्षी मंडळाच्या निवडणुकीला आमाला परत उभं राहायचंय.” फ्लेक्सवर तर फोटो इतके झाले की परिषदेचा विषय छापायला जागाच उरली नाही.

राहता राहिला होता स्टेज. तो काढायचा, खुर्च्या गोलात मांडायच्या, ज्याला बोलायचं त्याने जागेवर उठून बोलायचं. मोठा-धाकटा कोणी नाही. बाकी सगळं गेलं तरी चालेल, एवढं एक झालं पाहिजे, असं तिने मनाशी धरलं होतं.

“लई भारी कल्पना,” रणजितराव म्हणाले. “म्हस्कू, स्टेजच्या फळ्या परत गाडीत टाक. अन् ती खुर्ची पण ने.”

ती अध्यक्षाची खुर्ची होती. लाल मखमलीची, उंच पाठीची, दरवर्षी स्टेजच्या मधोमध ठेवली जाणारी. गेल्या वर्षी तिच्यात रणजितराव बसले होते. त्याआधी त्यांचे चुलते, सर्जेराव तात्या. मंडपवाल्या म्हस्कूने एका बाजूने खुर्ची धरली. दुसऱ्या बाजूने स्वतः रणजितरावांनी हात लावला. खुर्ची टेम्पोत चढली.

लॉनच्या कडेला अंजलीच्या सासूबाई, ताईबाई, बसल्या होत्या. उद्या गर्दीत दिसायचं नाही म्हणून सून कुठे बसणार ते आजच बघायला आल्या होत्या. त्यासाठी नवं लुगडंही नेसल्या होत्या.

“तू कुठं बसणार?” त्यांनी विचारलं.

“कुठंही, आई. सगळ्यांच्यात.”

“आन् स्टेज?”

“काढला. मीच सांगितलं. आपण विहारात नाही का सगळे एका सतरंजीवर बसत? तसंच.”

ताईबाईंनी टेम्पोतल्या खुर्चीकडे बघितलं.

“तुझ्या सासऱ्यांचा सोसायटीत शेअर होता,” त्या म्हणाल्या. “चांगले सभासद होते. पण गावात सभा असली की निरोप यायचा, बाजीराव, खुर्च्या मांडायला या. हे सकाळी जायचे, स्टेजवर चढायचे, एकेक खुर्ची फडक्यानं पुसायचे. सभा सुरू झाली की खाली येऊन पार मागं उभं राहायचे. घरी आले की मला सांगायचे, मधल्या खुर्चीची गादी लई मऊ हाय गं.”

“बसून बघितली होती?”

“हातानं दाबून बघितली होती.”

ताईबाईंनी रणजितरावांकडे बोट दाखवलं.

“ह्या रणजितनं महिनाभरात तुझं काय ऐकलं?”

“काहीच नाही.”

“मग आज येवढं एकच कसं ऐकलं?”

टेम्पोत फळ्या आपटल्याचा आवाज आला. अंजलीला रणजितरावांचं ते ‘बरं, नको’ पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. किती पटकन म्हणाले होते.

“इतकी वर्षं स्टेज उंच होता, तवा कुणाला टोचला न्हाय,” ताईबाई म्हणाल्या. “आपली पाळी आली, आन् तवाच जमीन सपाट करायची व्हय?”

म्हस्कू टेम्पोचं फाळकं लावत होता. अंजली तरातरा तिथे गेली.

“थांबा, म्हस्कूभाऊ. रणजितराव, स्टेज टाकायचा.”

“आता?” रणजितरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आवो, मोठा-धाकटा कुणी न्हाय, असं तुमीच म्हणालात की!”

“पुढच्या वर्षी,” अंजली म्हणाली. “पुढच्या वर्षी तुम्ही उभे राहणार आहात ना? तेव्हा काढू.”

म्हस्कू गालातल्या गालात हसला आणि त्याने फाळकं पाडलं. फळ्या उतरल्या, स्टेज उभा राहिला, वर लाल जाजम पसरलं. आता फक्त ती खुर्ची टेम्पोत राहिली होती. अंजलीने पदर खोचला आणि ती उतरवायला हात पुढे केला.

मागून ताईबाईंनी तिचं मनगट धरलं.

“तू न्हाय,” त्या म्हणाल्या. “रणजितरावांना मांडू दे.”