गावपळणीत मागे राहिलेले गोळे

देवळात ढोल वाजला, सगळा गाव चालू लागला आणि सुगंधा काही बाटल्यांची खोली सोडायला तयार होईना.

चौसष्ट सालची गावपळण होती. मालवणाकडच्या त्या गावाची रीतच अशी. देवाचा कौल झाला की गुरे, कुत्री, कोंबड्यांसकट वेशीबाहेर झोपड्या घालून राहायचे. गावात जिवंत काही ठेवायचे नाही. बाटल्यांतले पांढरे गोळेही जिवंतच होते, सर्पगंधेच्या पेशींचे. पण वेशीवरच्या धुळीत त्यांना बुरशी धरली असती, म्हणून ते जिवंत आहेत हे सुगंधाने गावात कुणाला सांगितलेच नाही. मागे राहून तिला गोळ्यांचे खाद्य बदलायचे होते.

भाई तिचे काका. त्यांची औषधशाळा सर्पगंधेच्या मुळ्यांवर चाले आणि घाटातली सर्पगंधा तर ओरबाडून संपत आलेली. पुतणी एम.एस्सी. होऊन आली आणि म्हणाली, मुळ्या कशाला, मी बाटलीत पेशीच वाढवते. भाईंनी हौसेने खोली दिली. गोळे असे फुगले की दृष्ट लागावी. पण परीक्षा केली की औषधाचा मागमूस नाही. मग सुगंधा साखर वाढवी, क्षार वाढवी, नारळाचे पाणी दुप्पट करी. घरचेच वळण ते. पाहुणा पुरे म्हणाला की त्याच्या पानात आणखी एक वडा पडायचाच. गावपळणीनंतर एक शेवटची परीक्षा, नाहीतर खोली बंद, असे भाईंनी सांगून टाकले होते.

"बाटल्यांपायी देवाचो कौल मोडूचो नाय," भाई म्हणाले आणि त्यांनी खोलीला कुलूप घातले.

वेशीबाहेर नुसती धमाल. भजने, पत्ते, उघड्यावरच्या चुलीतली पेज. सुगंधा मात्र तोंड पाडून बसलेली. त्यात परतायचा कौल देव देईना. पुन्हा विचारले, पुन्हा नाही. काशीबाई, तिची काकी, समजूत घालून घालून थकली.

शेवटी कौल झाला तेव्हा सुगंधा पदर खोचून धावतच सुटली. कुलूप उघडले आणि तिने पहिलीच बाटली उजेडात धरली. गोळे आक्रसून पिवळे-तपकिरी पडले होते. तिला रडू फुटले. भाईंनाही वाईट वाटले. टाकून दे, म्हणाले. ठरलेली परीक्षा करणारच, असा तिने हट्ट धरला.

गोळा वाटून तिने अर्क काढला आणि त्यात परीक्षेचे रसायन थेंब थेंब सोडले. आजवर नळीत कधी काही झाले नव्हते. आज नारिंगी साका खाली उतरला, औषध असल्याची खूण. तिने दुसरी बाटली घेतली. नारिंगी. तिसरी तर आणखी गडद.

भाई जातीचे वैद्य, त्यांचा रंगावर विश्वास कुठला? त्यांनी गोळ्याचा कण जिभेवर ठेवला आणि त्यांचे तोंड वेडेवाकडे झाले. अगदी मुळीसारखा कडू. ते उठले, बसले, पुन्हा उठले. आनंदाने त्यांना काय करावे तेच सुचेना.

"काय घातलंस गो ह्या गोळ्यांका?"

सुगंधा हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"कायच नाय, भाई. उपाशी पडले, तेव्हा खंय औषध करूक लागले."